खंडेनवमीचा खटका

नयना ज्या कारखान्यात संगणकांचं काम बघायची, तिथं लोखंडी पेटीसारखा दिसणारा सर्व्हर एकच होता, पण त्याच्या पोटात पाच-सहा संगणक नांदत होते. यात जादू काही नाही. एका मोठ्या खोलीत पडदे बांधून चार बिऱ्हाडं राहतात, प्रत्येकाची चूल वेगळी असते, तसंच ते. एका बिऱ्हाडात हजेरी, दुसऱ्यात आराखडे, तिसऱ्यात तयार मालाची मोजमापं. हे पडदे बांधणारं सॉफ्टवेअर नयनानं चाचणीच्या परवान्यावर आणलं होतं. वापरून पाहा, पटलं तर विकत घ्या, असा तो करार.

मुदत संपली की असं सॉफ्टवेअर काय करतं, ते नीट समजून घ्यायला हवं. ते आरडाओरडा करत नाही. चालू असलेली बिऱ्हाडं तशीच चालू देतं. पण त्यातलं एखादं बंद पडलं, की परवाना विकत घेईपर्यंत त्याला पुन्हा उठू देत नाही. जागं आहे तोवर आहे, झोपलं की संपलं.

ही मुदत काल संपली होती.

नयनानं मालकांना आधी सांगितलं नव्हतं असं नाही. मालक हयवदन अण्णा मूळचे धारवाडचे, मराठी चांगलं बोलणारे. ते म्हणाले होते, "नवी वस्तू दसऱ्याच्या मुहूर्तावर घेऊ. तोवर चालेल ना?"

"चालेल," नयना म्हणाली होती. ते खोटं नव्हतं. 'पण बंद करायचा नाही' हे पुढचं वाक्य मात्र तिनं गिळलं होतं. चाचणीच्या परवान्यावर अख्खा कारखाना चढवायचा नसतो, हे तिला ठाऊक होतं, आणि ते वाक्य बोललं असतं तर हेही बोलावं लागलं असतं. शिवाय मध्ये एकच तर दिवस होता.

तो दिवस खंडेनवमीचा होता.

नागपूरला तिच्या घरी खंडेनवमीला पाटावर विळी, कात्री आणि वडिलांचा पाना मांडत. हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला, झालं. विजेला कुणी हात लावत नसे. बंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतली तिची ही पहिलीच खंडेनवमी.

सकाळी ती आली तेव्हा फाटकाला केळीचे खुंट बांधले होते आणि प्रत्येक लेथच्या डोक्यावर झेंडू होता. दारातच सूर्यकांतकाकांनी तिला अडवलं. काका सामानाची कोठी सांभाळत. त्यांचं घराणं तीन पिढ्या बंगळुरात राहिलेलं.

"ये ग विदर्भकन्ये. तुझ्या पेटीलापण हार आणलाय. स्वल्प मोठा झालाय, चालवून घे."

"काका, मशीनं सगळी बंद का?"

"म्हणजे काय? आज आयुधपूजा. अण्णा आता मेनचा खटका पाडतील. वर्षातून एक दिवस यंत्रानं पडून राहायचं."

"सर्व्हरपण?"

"का? तो काय जावई लागून गेलाय?"

नयना धावली. पण ती पोचेपर्यंत अण्णांनी खटका खाली ओढला होता, त्याला कुलूप घातलं होतं आणि किल्ली धोतराच्या कनवटीला खोचली होती. पंखे मंदावत थांबले. त्या शांततेत तिच्या काचेच्या खोलीतून बीप, बीप असा आवाज येऊ लागला. सर्व्हर आता यूपीएसच्या बॅटरीवर होता, आणि बॅटरी जुनी होती.

"अण्णा, सर्व्हरपुरती तरी वीज द्या. तो बंद करता येत नाही."

"का?"

सांगायची जागा हीच होती. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण समोर ताम्हन घेतलेले भटजी उभे होते, मागे सगळी माणसं होती.

"नाजूक असतो तो," नयना म्हणाली.

अण्णांनी तिला वळवून उभं केलं. "तिकडे बघ."

एकेका यंत्रात माणसं कोपरापर्यंत हात घालून वर्षभराचं तेल आणि लोखंडाचा कीस पुसून काढत होती.

"आमच्या वडिलांच्या वेळी पूजेत कुणीतरी वीज सोडली. मुनियप्पा नावाच्या कामगाराची बोटं गेली. तेव्हापासून कुलूप असतं. आता सांग, नाजूक काय? तुझा सर्व्हर की ही बोटं?"

ती खोलीत परतली आणि लॅपटॉप उघडून बसली. दुपारच्या आत होसूरच्या पंप कंपनीचा ट्रक यायचा होता. पंपात फिरणारे दांडे, म्हणजे स्पिंडल, खोक्यांत भरून तयार होते, पण प्रत्येक खोक्याबरोबर मोजमापांचा दाखला लागे, त्याशिवाय ड्रायव्हर माल उचलत नसे. मागच्या खेपेला उशीर झाला तेव्हा त्या कंपनीनं स्पष्ट बजावलं होतं, पुन्हा चुकलात तर हे काम कोइमतूरला जाईल. लेथची मागची अख्खी रांग याच कामावर जगत होती. मोजणी काल संध्याकाळीच संपली होती. दाखले सकाळी काढू, असं नयना सगळ्यांना म्हणाली होती.

एकेक दाखला तयार होऊन लॅपटॉपवर उतरू लागला. मध्येच तिनं सॉफ्टवेअर विकणाऱ्याला फोन लावला. सणाची सुट्टी होती, फोन नुसता वाजत राहिला. सगळं पुसून नव्यानं चाचणी सुरू करायची म्हटलं तर संध्याकाळ झाली असती. बाहेर मंत्र चालले होते. बीपमधलं अंतर कमी होत होतं. तिला वाटत होतं, आपण दुथडी भरलेल्या नदीतून एकेक भांडं काढतोय आणि घर मागे वाहून चाललंय.

सूर्यकांतकाका हार घेऊन आत आले आणि तिचा चेहरा बघून थबकले.

"काय ग? उपास बाधला का?"

"काका, हा बंद पडला तर उठणार नाही."

"उद्या उठेल की."

"ट्रक आज आहे."

काकांनी हार हातातच ठेवला. "अण्णांना सांगितलंस हे?"

तेवढ्यात एक लांब बीप झाली, पेटीवरचे हिरवे दिवे एकदम मालवले आणि लॅपटॉपवरचा दाखला अर्ध्यावरच थांबला. निम्म्याहून जास्त खोकी दाखल्याशिवाय राहिली होती.

नयना उठली आणि आरतीपाशी जाऊन उभी राहिली. या वेळी तिनं सगळं सांगितलं. परवाना, मुदत, गिळलेलं वाक्य, सगळं. आरती थांबली. कोहळा फोडायला घेतलेला माणूस तो तसाच कवेत धरून उभा राहिला.

अण्णा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मघाशी विचारलं मी, का म्हणून."

"हो अण्णा."

"तेव्हा हे सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं माहीत आहे? आधी सगळ्यांना हात बाहेर काढायला लावले असते. एकेकाचे हात मोजले असते. मग खटका वर केला असता. पूजा तासभर थांबली असती. देव काही पळून जात नव्हता."

नयनाला रडायचं नव्हतं, तरी ती रडली. तिची अब्रू गेली ती गेली, त्याचं तिला एवढं नव्हतं. मागच्या रांगेतली माणसं हातातली फडकी घेऊन नुसती बघत होती, आणि आपलं काम जाऊ शकतं हे त्यांना अजून कळलेलं नव्हतं.

फाटकाबाहेर ट्रकचा हॉर्न वाजला.

"ते दाखले हातानं मोजून लिहिले तर घेतील का?" काकांनी विचारलं.

"पूर्वी घ्यायचे," अण्णा म्हणाले. "आता काय सांगू?" पाटावर मांडलेल्या हत्यारांकडे ते बघत राहिले. नवमीला पूजेत मांडलेलं हत्यार दशमीपर्यंत उचलायचं नाही. पन्नास वर्षांत या कारखान्यात ते कुणी उचललं नव्हतं. भटजींनी नको अशी मान हलवली.

अण्णा खाली वाकले, वडिलांचा मायक्रोमीटर उचलला आणि त्यावरचं ओलं कुंकू धोतराच्या सोग्यानं पुसलं.

"ड्रायव्हरला चहा द्या," ते म्हणाले. "आणि सांगा, थांबायचं असेल तर थांब." मग नयनाकडे न बघता त्यांनी पहिलं खोकं ओढलं. "कागद घे. मी आकडे सांगतो, तू लिही. सरी? ठीक?"

नयनानं डोळे पुसले आणि कागद गुडघ्यावर घेतला. अण्णांनी पहिला आकडा सांगितला. तिनं तो मोठ्यानं परत म्हणून दाखवला आणि मगच लिहिला. बाहेर ट्रकचं इंजिन अजून चालूच होतं.