आईचं पथ्य सुटलं त्या दुपारी

"आता यांना हवं ते खाऊ द्या," असं डॉक्टर म्हणाले आणि धाकटी आईच्या गळ्यातच पडली. तीन वर्षं अळणी जेवत होती बिचारी. सुटली एकदाची!

"बाबा, बोला, कुठे जेवायचं?" दवाखान्याबाहेर येताच तिने विचारलं.

बाबा ट्रक चालवायचे. या शहरात मासे कुठे खावेत, चहा कुठे प्यावा, हे त्यांना तोंडपाठ होतं आणि त्यात ते दुसऱ्या कुणाचं चालू देत नसत. पण आज ते म्हणाले, "तू म्हणशील तिथे."

"अगं बाई! आज सूर्य कुठे उगवला?" धाकटी हसली आणि समोरच्याच खानावळीत शिरली.

तळलेले मासे आले. पहिला घास तोंडात जाताच आईचे डोळे आपसूक मिटले. मासा खरं तर चांगलाच शिळा होता. एरवी बाबांनी मालकाला फैलावर घेतलं असतं. आज ते नुसते ताटाकडे बघत बसले.

"अहो, असं तोंड पाडून बसू नका," आई हळूच म्हणाली. "पोरीला निदान आज तरी सुखाने जेवू द्या."

धाकटीचा घास हातातच राहिला. पथ्य सुटलं होतं, कारण आता ते पाळून काही उपयोग नव्हता.

"आई," आवाज सावरत तिने विचारलं, "अजून एक मागवू?"

"मागव की. पण यांना निवडू दे. तुला मेलीला माशातलं काय कळतंय!"

बाबा हात धुवायला म्हणून उठले, ते बराच वेळ परत आलेच नाहीत.