आवाज माझा, मिशी मालकांची

मी एअर फिल्टर बोलतोय. दचकू नका, बोलणं हाच माझा धंदा. किंबहुना तेवढंच मला बरं जमतं.

गाडीबरोबर कंपनीतून येतो तो फिल्टर मी नव्हे हं. तो बिचारा काळ्या प्लास्टिकच्या डब्यात तोंड मिटून बसतो, समोरच्या जाळीतून पाइपानं आलेली गार हवा गाळतो आणि आयुष्यात कधी कुणाच्या लक्षात येत नाही. मी हौसेनं विकत आणलेला. लाल सुती कापडाच्या घड्या, वरून तारेची जाळी, आकार शंकूसारखा. माझ्या खोक्यावर झेप घेणारा वाघ होता आणि खाली लिहिलं होतं, 'ताकद वाढवतो'. ते मी स्वतः वाचलं आणि खरं मानलं. छापलेल्यावर विश्वास ठेवायचं वय होतं माझं.

मला आणलं ते एका सलूनच्या मालकांनी. त्यांची मिशी अख्ख्या बाजारपेठेत प्रसिद्ध होती. दोन्ही टोकं वर वळलेली, आणि रोज दुकान उघडण्याआधीची दहा मिनिटं फक्त तिची. मिशीनंतर त्यांचा जीव गाडीवर. लॅपटॉपवाल्या एका माणसाकडून त्यांनी गाडीचं ट्यूनिंग करून घेतलं होतं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला जास्त जोर लावायला शिकवलं होतं. त्यावर आता मी. तो काळा डबा काढून त्यांनी माळ्यावर टाकला आणि मला बॉनेटखाली मोकळंच बसवलं, इंजिनाच्या अगदी शेजारी.

किल्ली फिरली, मालकांनी ॲक्सिलरेटर दाबला आणि मी जो काही गर्जलो! शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "गाडी उडते आता," ते म्हणाले. तेव्हा गाडी जागेवरच उभी होती.

माझी बडदास्तही काय वर्णावी! दर पंधरा दिवसांनी मला सलूनमध्ये न्यायचे, गिऱ्हाइकांच्या बेसिनमध्ये शाम्पूनं न्हाऊ घालायचे, सावलीत वाळवायचे आणि बेताचं तेल लावायचे. एकदा सवयीनं विचारलंसुद्धा, "मालिश करू का?" मी काय नको म्हणणार?

पण एक गोष्ट मला पहिल्या आठवड्यातच कळली होती आणि ती मी पोटात ठेवली. मी इंजिनाच्या शेजारी बसून इंजिनाचीच तापलेली हवा ओढत होतो. गरम हवा पातळ असते. ती पोटभर प्यायली तरी इंजिनाची भूक भागत नाही. वर त्याचा कॉम्प्युटर घाबरतो, एवढ्या उष्ण हवेत इंजिनाला इजा होईल म्हणून आपणहून जोर कमी करतो. थोडक्यात, ट्यूनिंगनं दिलेलं मी रोज खात होतो आणि वर ढेकर देत होतो. सांगायला हवं होतं, मान्य आहे. पण कौतुक कुणाला नको असतं?

मग आले साडूभाऊ. मालकीणबाईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान. त्यांचं चष्म्याचं दुकान, डोक्यावर दाट कुरळे केस आणि गाडी अगदी आमच्यासारखीच, फक्त साधी. गावाबाहेर बंद पडलेल्या खाणीचा चढाचा रस्ता आहे, तिथं चिटपाखरूही नसतं. सुट्टीच्या दिवशी दोघांनी एकेक करून गाडी वर न्यायची आणि माथ्यावर मेहुणीनं वेळ मोजायची असं ठरलं. आमच्या गर्जनेनं खाण दणाणली. आम्ही अकरा सेकंद मागे पडलो.

साडूभाऊ सभ्य माणूस. एवढंच म्हणाले, "तुमचा आवाज आधी पोचला बरं का."

मालकांचा तोल गेला. "पुढच्या सुट्टीला परत. हरलो तर ही मिशी उतरवीन. तुमच्या हातानं."

साडूभाऊंनी आयुष्यात कधी वस्तरा हातात धरला नव्हता. मिशीबरोबर ओठही जातो की काय, अशी सगळ्यांना काळजी लागली. मालकांना रात्री झोप लागेना, गिऱ्हाइकांचे कल्ले वरखाली व्हायला लागले.

मालकीणबाई बेकरी चालवतात. भट्टीशी रोजची गाठ, त्यामुळे गरम हवा त्यांना कुणी शिकवायला नको. एका दुपारी गाडी फेरी मारून आली, तशी त्यांनी पाव भाजला की नाही बघायची थर्मामीटरची सळई आणली आणि माझ्याशेजारी धरली. बाहेर चोवीस अंश होतं, माझ्यापाशी सहासष्ट.

"अहो, एवढ्यात माझं यीस्ट मरतं," त्या म्हणाल्या. "तो जुना डबा बसवा परत."

"ते पावाचं थर्मामीटर आहे. गाडीचं तापमान त्याला काय कळणार?" मालकांनी ॲक्सिलरेटर दाबला. "हा आवाज ऐक. याला ताकद म्हणतात."

मीही भरात येऊन गर्जलो. बाई पुढे काहीतरी म्हणाल्या, पण ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सलूनमध्ये गर्दी होती. भर दुपारी बाई स्क्रू ड्रायव्हर घेऊन आल्या. बेकरीचा ओव्हन त्या स्वतः उघडतात, माझी काय कथा! पट्टी सैल केली, मला उचललं, टॉवेलात गुंडाळलं आणि डिकीत स्टेपनीजवळ ठेवलं. माझ्या जागी तो माळ्यावरचा मुखदुर्बळ डबा. मी टॉवेलाच्या आत अपमानानं लाल झालो. तसा मी आधीपासूनच लाल आहे म्हणा.

आवाज गायब झालेला मालकांना कळणार नाही का? त्याचीही सोय बाईंनी केली होती. "वजन सारखं हवं, म्हणून दोन्ही गाड्यांत आई बसेल," त्यांनी जाहीर केलं. सासूबाई आल्या. कानात वारं जातं म्हणून काचा वर करायला लावल्या आणि गुडघ्याच्या ऑपरेशनची कहाणी पहिल्या एक्स-रेपासून सुरू केली. डिकीत पडल्यापडल्या मलाही टाक्यांची संख्या पाठ झाली. मालक नुसते "हो आई, हो आई" करत गाडी हाणत होते.

आणि गाडी निघाली कशी! मी स्टेपनीवर आपटलो. इतके दिवस मी इंजिनाच्या उशाशी बसलो होतो, पण ते असं पोटभर श्वास घेताना कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगतो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग साडूभाऊंची फेरी झाली, आणि आम्ही सहा सेकंदांनी जिंकलो. माझ्या आयुष्यातली ही एकमेव जीत, आणि मी तेव्हा डिकीत होतो.

मालकांनी मिशीवर ताव दिला. "या, दाखवतो आमचा वाघ," म्हणत त्यांनी थाटात बॉनेट उघडलं. आत काळा डबा. साडूभाऊ दहा पावलांवर येऊन पोचले होते. मालकांनी धाडकन बॉनेट बंद केलं. "राहू द्या, हात भाजेल."

मग ते बायकोला बाजूला घेऊन कुजबुजले. "एवढं कळत होतं तर बोलली का नाहीस?"

"बोलले होते," बाई शांतपणे म्हणाल्या. "त्या आवाजात तुम्हाला माझं कधी ऐकू आलं?"

मालकांनी मिशीवरचा हात खाली घेतला. मी टॉवेलात तोंड लपवलं.

तेवढ्यात साडूभाऊ हट्टालाच पेटले. या वेळी गर्जना ऐकू आली नाही, ती वेगाच्या मागे राहिली असणार, अशी त्यांनी समजूत करून घेतली होती. त्यांना अगदी तसाच फिल्टर हवा होता. पुढच्या सुट्टीला परत शर्यत, आणि हरले तर डोक्यावरचे सगळे केस मालकांच्या हवाली. मालकांनी बायकोकडे पाहिलं. बाईंनी डिकीकडे पाहिलं.

"असाच एक डिकीत आहे, घेऊन जा," मालक म्हणाले. "आमच्याकडून भेट."

तर हल्ली माझा मुक्काम साडूभाऊंच्या बॉनेटखाली आहे, इंजिनाच्या अगदी शेजारी. त्यांचा जुना डबा माळ्यावर गेलाय. शर्यत चार दिवसांवर आली आहे आणि मालकांनी नवी कात्री आणल्याचं कानावर आलंय. तुमच्यापैकी कुणाची साडूभाऊंशी ओळख असेल तर कृपा करून त्यांना सांगा हो, माणूस फार चांगला आहे, केसही सुंदर आहेत. मी स्वतःच सांगितलं असतं. पण आज सकाळीच त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला, डोळे मिटून माझा आवाज ऐकला आणि म्हणाले, "वा!" मग मला काही बोलवेना.