फक्रुद्दीनची काचेची पाटी

जोतीरामनं पहिला फटका धोट्यानं मारला. मागावर आडवं सूत नेणारा धोटा लाकडी असतो, पण दोन्ही टोकांना लोखंडी अणी. माझे मिस्टर फक्रुद्दीन दारातच कोसळले, कपाळाचं रक्त उंबऱ्यावर सांडलं. २००१ साल, ईदचा दुसरा दिवस. दरवर्षी हाच जोतीराम आमच्याकडं शिरखुर्मा प्यायला यायचा.

कबनूरच्या आमच्या घरात सहा वर्षं एकच ध्यास होता: काचेवर काडीनं लिहायचं आणि ते आत साठवून ठेवील असं यंत्र. जुन्या लॅपटॉपचा पडदा, सागवानी चौकट, आत स्कूटरची बॅटरी. मांडीवर घेतलं की पाय बधिर व्हायचे. पुण्याचे व्यापारी बघून हसले होते. "मिस्त्री, वही असताना हा धोंडा कोण उचलणार?" शेवटी विश्वजित मालकांनी महिनाभर आपल्या यंत्रमागाच्या कारखान्यात वापरून बघायचं कबूल केलं. ही पाटी पसंत पडली तर वीस पाट्या घेणार होते.

कारखान्याचे दिवाणजी पाटी घेऊन फिरायचे आणि जो माग बंद दिसेल त्याच्या पाटीवरच्या आकड्यावर काडी टेकवायचे. महिना नेमका रमजानचा. महिना संपला आणि पाटीवर एकच नाव ठळक आलं. रोज संध्याकाळी जोतीरामचे माग बंद! मालकांनी त्याला कामावरून काढलं. पाटी ईदपुरती आमच्या घरी परत आली होती.

खरं तर रोजा सोडायला त्याच्या शेजारच्या मागांवरचा काशिफ घरी जाई, तेव्हा त्याचे चार माग जोतीराम चालवी. आठ एकट्याला झेपत नाहीत, म्हणून स्वतःचे बंद ठेवी. जोतिबाच्या डोंगरावर खेट्यांना जोतीराम गेला की काशिफ तेच करी. वहीच्या काळात दिवाणजी तिकडं काणाडोळा करत. पाटीला तो करता येत नव्हता: बंद माग टिपावाच लागे, का बंद ते लिहायला जागा नव्हती, आणि आमच्या मिस्टरांना हे सुचलं नाही. त्या वेळी तेही घरी रोजाच सोडत असत.

"काढ ती पाटी भाईर, फोडतो तिला!" जोतीरामनं त्यांचा उजवा हात उंबऱ्यावर दाबून धरला.

मागं काशिफ उभा होता. "चाचा, माझ्यापायी ह्याची भाकरी गेली. द्या की ती."

"चूक सुधारतो," मिस्टर म्हणाले. "मालकांना मी सांगतो."

"सांगून बसलोय मी!" जोतीराम ओरडला. "मालक म्हनतोय, काच खोटं बोलत न्हाय."

धोटा पुन्हा खाली आला. बोटं मोडल्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला, तशी मी धावत बाहेर आले.

"नाही देणार!" ते ओरडले. "दुसरी आता ह्या जन्मात होणार नाही!"

जोतीरामनं धोटा तिसऱ्यांदा उचलला, तो थेट डोक्याच्या रोखानं. मी कपाटातून पाटी काढली आणि धुण्याच्या दगडावर आपटली. काच फुटली. मग वरवंटा घेऊन आतलं सगळं ठेचलं. तळहातात काचा घुसल्या तरी थांबले नाही.

"झालं?" मी म्हणाले. "आता सोड त्यांना."

जोतीरामच्या हातून धोटा गळाला. "भाभी... रिक्षा आणतो मी."

मिस्टर भिंतीला धरून उठले आणि दगडापाशी आले. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, माझ्यावर त्यांनी कधी आवाजही चढवला नव्हता. त्या दिवशी डाव्या हातानं, त्या दोघांसमोर, माझ्या तोंडात मारली. ओठ फाटला. मी पदर फाडला आणि त्यांचा उजवा हात बांधायला घेतला.

त्यानंतर ते चौदा वर्षं जगले. पाटीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, आणि मी माफी मागितली नाही.