चष्म्याच्या डबीतली रिंग

मंगळवारी सकाळी बातमी आली तेव्हा मी रिंगा तपासत होतो. दुसरं करणार काय? मी कारखान्यातला कॅमेरा, सरकत्या पट्ट्याच्या हातभर वर टांगलेला. गॅस सिलिंडरच्या झडपेत बसणाऱ्या पितळी रिंगा माझ्याखालून जातात. चांगली मी जाऊ देतो, तडकलेली बाजूला पाडायला लावतो.

"मावशी गेल्या पहाटे," इंजिनिअर सुपरवायझरना म्हणाला. पट्टा दोन मिनिटं थांबला. मग सुरू झाला.

माझ्याआधी हे काम मावशी करत. बावीस वर्षं. रिंग खिडकीकडे तिरकी धरून बोटांत फिरवली, की केसासारखा तडाही त्यांना दिसे. मला शिकवायलाही त्यांनाच बसवलं. चांगल्या-वाईट रिंगा त्या निवडून देत, इंजिनिअर माझ्याकडून त्यांचे फोटो घेई.

"माझ्या पोटावर पाय देणाऱ्यालाच घास भरवतेय," त्या हसत. मला एकडोळ्या म्हणत.

पण माझा दिवा बरोबर डोक्यावर. पितळ चमके, आणि चमकेशेजारची सावली मला तडा वाटे. पहिल्या आठवड्यात मी शेकडो धडधाकट रिंगा बाद केल्या. सुपरवायझर वैतागले. रेघ किती गडद असली म्हणजे तडा धरायचा, तो माझ्यातला आकडा त्यांनी सैल करायला लावला. तेव्हापासून माझ्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

मावशींची होती. एक तडकलेली रिंग त्यांनी चष्म्याच्या डबीत जपली होती. रोज सकाळी सगळ्यांआधी ती पट्ट्यावर ठेवत. रोज मी ती जाऊ देई.

"सोडलंस ना चोराला?" म्हणत त्या ती पलीकडून उचलत. मग इंजिनिअरला, "दिवा खाली घे रे, बाजूने, तिरका. खिडकीसारखा."

"घेतो मावशी. पण दिवसभर लाइन बंद ठेवावी लागेल हो. ही ऑर्डर जाऊ दे."

"माझ्या लेकीच्या ओट्याखालीही हाच सिलिंडर आहे."

तशा तीन ऑर्डरी गेल्या. मावशी आजारी पडल्या. डबी खणात राहिली.

मंगळवारी इंजिनिअरने ती उघडली आणि रिंग पट्ट्यावर ठेवली. मी जाऊ दिली. त्याने ती उचलून खिडकीकडे तिरकी धरली. बराच वेळ बघत राहिला.

"दिव्याचं शुक्रवारी करू," सुपरवायझर हळूच म्हणाले.

तुमच्या घरची रिंगही माझ्याच नजरेखालून गेली असेल. वास आला तर आधी खिडकी उघडा.

आज सोमवार. दिवा अजून डोक्यावरच आहे.