माझ्या 'हाव'चा अर्थ

आमच्या ह्यांनी, म्हणजे श्रीकांत सरांनी, पांढुर्ण्यात तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. उदारमतवाद त्यांचा जीव की प्राण. 'माणसाच्या संमतीशिवाय त्याच्यावर कोणाचीच सत्ता नाही,' हे मी भाजी निवडताना इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. चहा मात्र त्यांना जागेवर लागतो.

रिटायर झाल्यावर त्यांना सौंसरला, घरच्या संत्र्याच्या बगिच्यात राहायची हुक्की आली. पांढुर्ण्याच्या शाळेतली माझी नोकरी अजून चार वर्षं बाकी. एका रविवारी मी कुकरपाशी असताना ते बैठकीतून ओरडले, "नलिनी, तुह्या बदलीचा अर्ज लिहून राहिलो, सौंसरचा. चालते नं?"

"हाव," मी म्हटलं.

आता आमच्याकडे 'हाव' म्हणजे 'हो', हे खरं. पण फोनवर अर्धा तास 'हाव, हाव' करणारा माणूस काय अर्धा तास कबूल होत असतो? कुकरच्या शिट्टीत मला फक्त माझं नाव ऐकू आलं होतं.

संध्याकाळी अर्ज समोर आला, सहीपुरती जागा रिकामी. त्या शाळेत मी सरांची बायको नव्हते, नलिनी मॅडम होते. ते मला सोडायचं नव्हतं.

"मी कधी हो म्हटलं?"

"हाव म्हटलं नं तू! गप्प राहिली असती तर मूकसंमती. हे त उघड संमती झाली."

मी वाद घातला नाही. शनिवारी सौंसरच्या वाचनालयात त्यांचं 'उदारमतवादाचा पाया' यावर व्याख्यान होतं. आदल्या दिवशी ते त्याच्या टिपणात बुडालेले बघून मी दारातून हळूच म्हटलं, "अहो, बगिच्यात तुम्ही एकटेच राहा. मी इथंच राहते. स्वयंपाक तुमचा तुम्ही करा. चालते नं?"

"हाव, हाव."

मी तेच कागदावर लिहून पुढे ठेवलं. "सही करा."

त्यांनी वाचलं आणि ताडकन उठले. "अवं, मी आयकलंच नाही! हाव म्हणजे नुसतं..."

"नुसतं काय?"

तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली. सर स्वयंपाकघरात गेले, स्वतःच्या हातानं कुकरखालचा गॅस बंद केला आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "नलिनी, सौंसरले बदली पाह्यजे का तुले?"

"नाही."

लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी मला अख्खा प्रश्न विचारला होता. मला रडूच आलं.

सरांनी बदलीचा अर्ज उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर व्याख्यानाचे मुद्दे नव्यानं लिहायला घेतले. मी डोकावून पाहिलं. पहिला मुद्दा होता: संमती विचारण्याआधी कुकर बंद करावा.