हात धुवायला पाणी

चांदबी मिरचीवर तोंडघशी पडली ती तुमच्यामुळे. ‘दुपारचं जेवण चुकवू नका, रात्री हलकं जेवा’ असं दवाखान्याच्या भिंतीवर रंगवून घेणारे तुम्ही जे कोणी असाल, तुमच्यामुळे. तिनं तुमचं ऐकलं, एवढाच तिचा गुन्हा.

माणकचंदशेठची पथारी, म्हणजे मिरची वाळवायची जागा, नंदुरबारच्या बाहेर. उघड्या रानात लाल मिरची वाळत पडलेली असते आणि बाया उकिडव्या बसून तिचे देठ खुडतात. मजुरी वजनावर. ऊन वर येईपर्यंत बोटं पेटतात, ती दिवस बुडेपर्यंत विझत नाहीत. त्या हातानं डोळा पुसायची सोय नाही, मग घास कुठला? नुसत्या पाण्याला ती आग दाद देत नाही. घरी जाऊन तेल चोळायचं, पिठानं हात घासायचे, मग साबण. एवढं झालं की चांदबी बसायची आणि दिवसभराचं एकदम जेवायची. चार भाकरी, डाळ, कांदा, वर उरलेला भात. लेक आफशीन म्हणायची, अम्मी, जरा दम तरी घे. पण शेवटचा घास चावतानाच चांदबीचे डोळे मिटायला लागत. तरणी होती तेव्हापासून हेच.

यंदा तिच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली ती भरेना. डॉक्टरनं रक्त तपासलं, साखर निघाली. त्यानं तिला चांगलंच झापलं. रात्री एवढं ठासून खातेस, असंच चाललं तर अंगठा जाईल म्हणाला. चांदबी घाबरली. अंगठा गेला तर उकिडवं बसणार कशी, आणि बसता आलं नाही तर पथारीवर घेणार कोण? दुपारी कामावर हात धुता येत नाहीत, हे तिनं सांगून पाहिलं. तो म्हणाला, चमच्यानं खा.

तिनं तेही केलं. दुपारी डब्यात खिचडी नेली, चमचा नेला. तोंडाचा रुमाल सोडला तशी मिरचीची धूळ घशात गेली, खिचडीवरही बसली. खोकून खोकून जीव नकोसा झाला आणि डबा तसाच घरी आला. मग तुमच्या भिंतीवरचं जेवढं तिच्या हातात होतं तेवढं तिनं पाळलं. सकाळी चहा-टोस्टावर डॉक्टरनं दिलेली साखर उतरवायची गोळी घेतली आणि रात्रीच्या चार भाकरींच्या दोन केल्या. दुपार तशीच कोरडी. दोन-तीन दिवस रेटलं, मग एके दिवशी ऊन उतरता उतरता दरदरून घाम फुटला आणि ती समोरच्या ढिगावर तोंडघशी गेली.

शेजारच्या फुलीबाईच्या फडक्यात चहाचा गूळ होता. बाई भली, पण धांदलीत हाताचं भान राहिलं नाही. तिनं मिरचीच्या बोटांनीच गूळ चांदबीच्या तोंडात कोंबला. चांदबी शुद्धीवर आली ती जीभ बाहेर काढून.

“गूय चारा का मिरची चारी वं तू मले?”

“जीव वाचना ना? मंग तोंड जळू दे.”

बाया हसल्या. चांदबीही हसली असती, पण ओठ फाटल्यासारखे झाले होते.

शेठ छपरीत जेवत होते. दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा त्यांचा धर्म. डबा तसाच ठेवून ते आले, तिला सावलीत बसवलं, पाणी पाजलं. माणूस वाईट नाही. त्यांनी समजावलं की रात्रीचं खाणंच सगळ्या दुखण्याचं मूळ, आमच्यासारखं उजेडात जेवत जा. उजेड असेपर्यंत देठ खुडून घेतो कोण, हे त्यांच्या मनातही आलं नसावं. मग म्हणाले,

“आते घर जाय, आराम कर. बरी व्हशी तव्हय ये. आठे काही कमीजास्त व्हई गयं ते मन्हावर ई.”

चांदबीला यातलं ‘ये’ पोकळ वाटलं. गेल्या हंगामात घरी धाडलेली एकही बाई परत आली नव्हती. फुलीबाई तिला उठवायला पुढे झाली. चांदबीनं तिचा हात बाजूला केला.

“शेठ, दुपारले तेल, पीठ, साबन, पानी देशात का? वारा लागाव नही अशी जागा देशात का? आन तेवढा येळमा वजन कमी भरनं ते मजुरी कापशात का?”

शेठ छपरीकडे वळले. सूर्य खाली आला होता, डबा उघडाच होता.

“मी आठेच बठेल शे,” ती मागून म्हणाली. “पहिले सांगा, मंग जेवा.”