दुसरा महिना

"ग्रहणाचा पाठ यंदा तुम्ही घेऊ नका, बाई," मुख्याध्यापक मल्हारी काकड म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप प्रतिभाकडे सरकवला. "नववीचे सर घेतील. तुम्हाला तेवढाच आराम."

"मला आराम नकोय, सर. आठवीचं विज्ञान माझ्याकडे आहे."

"आहेच की. एक पाठ सोडून सगळं तुमचंच." त्यांनी दाराकडे एक नजर टाकली. "लोक काय बोलतात ते तुमच्या कानावर आलंच असेल."

आलं होतं. मखमलाबादच्या मळ्यांतून भाजी आणि फुलं रोज नाशिकच्या बाजारात जात, आणि परतीच्या टेम्पोतून गोष्टी येत. यंदा त्या सगळ्या प्रतिभाच्या, म्हणजे शाळेतल्या गामणेबाईंच्या, मुलीच्या होत्या.

मागच्या ऑगस्टात, म्हणजे नव्व्याण्णव साली, मोठं सूर्यग्रहण लागलं तेव्हा प्रतिभाला पाचवा महिना होता. शाळा दुपारीच सुटली होती. तिने सातवीच्या वर्गात सांगितलं, "ज्यांना बघायचंय त्यांनी थांबा. सूर्याकडे बघायचं नाही, भिंतीवर बघायचं." थोड्या मुली थांबल्या. संध्याकाळी पश्चिमेचे ढग सरले तशी तिने घाईघाईने कात्रीने एक पुठ्ठा कापला, त्याला बारीक भोक पाडलं आणि व्हरांड्याच्या भिंतीसमोर धरला. भिंतीवर उजेडाची इवलीशी कोर उतरली.

"बाई, ह्यो सूर्य हाय?" सविता नावाच्या मुलीने विचारलं. ती इतकी हळू बोलली, की जणू आवाजाने ती कोर पुसली जाईल.

सविताला न्यायला तिची आजी कुसाबाई फाटकाशी येऊन उभी होती. रोज फुलांची पाटी घेऊन बाजारात बसणारी बाई. पदर कपाळापर्यंत ओढलेला. तिचं लक्ष नातीकडे नव्हतंच.

"बाई, कातर ठेव खाली. पोटुशी हायेस, घरात जाऊन बस."

"काही होत नाही, आजी. नुसती सावली आहे."

"तुला नाय व्हायचं," कुसाबाई म्हणाली. "त्याला व्हईल."

डिसेंबरच्या शेवटी मुलगी झाली. वरचा ओठ नाकपुडीपर्यंत फाटलेला.

डॉक्टरांनी खाटेशी बसून समजावलं, "ओठ पोटात दुसऱ्या महिन्यातच जुळतो. तेव्हा राहिला तो राहिलाच." प्रतिभाने पडल्या पडल्या हिशेब केला. दुसरा महिना मे. ग्रहण ऑगस्टात. ग्रहण लागलं तेव्हा जे व्हायचं ते कधीच होऊन गेलं होतं. तिने हे नवऱ्याला सांगितलं, तो हो म्हणाला. सासूबाईंना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "असेल बाई. पण आपण कात्री हातात घ्यायचीच कशाला?"

उन्हाळ्याआधी शस्त्रक्रिया झाली. ओठ जुळला, जरा ओढल्यासारखा राहिला. नाव मुक्ता ठेवलं. जूनमध्ये प्रतिभा पुन्हा शाळेत आली, आणि आता समोर हा चहा.

"तुम्हीच सांगा ना लोकांना, सर. तुम्ही बी.एस्सी. आहात."

"अहो, माझा कुठे विश्वास आहे? पण संस्थेच्या मंडळींना मी काय सांगू? त्यांच्याही घरात सुना आहेत."

चहा तसाच ठेवून ती उठली आणि सरळ आठवीच्या वर्गावर गेली. पाठ यायला अजून अवकाश होता, तरी तिने तोच काढला. फळ्यावर सूर्य, चंद्र, पृथ्वी काढली, सावलीच्या रेघा ओढल्या. मग खडू खाली ठेवला.

"माझ्या मुलीबद्दल तुमच्या घरी बोलतात. आता माझ्याकडून ऐका."

तिने महिने सांगितले. कोणत्या महिन्यात हृदय, कोणत्या महिन्यात ओठ. ग्रहण कधी लागलं. बोलताना आवाज कापला नाही, याचं तिला नंतर नवल वाटलं.

सविता उभी राहिली. "मग बाई, तिचा ओठ कशानं फाटला?"

प्रतिभाला काहीही सांगता आलं असतं. एखाद्या जीवनसत्त्वाचं नाव फळ्यावर लिहिलं असतं, तरी मुलांनी ते खाली मान घालून वहीत उतरवलं असतं.

"कधी घराण्यात असतं. कधी आईच्या खाण्यात काही कमी पडतं. आमच्याकडे यातलं काही सापडलं नाही. माझ्या मुलीचं कारण डॉक्टरांना माहीत नाही. मलाही माहीत नाही."

सविता खाली बसली नाही. "आजीला माहीत हाय," ती म्हणाली. उद्धटपणे नाही; अडलेल्या बाईंना मदत करावी तसं.

पुढच्याच आठवड्यात वेळापत्रक बदललं. प्रतिभाकडे पाचवीचं मराठी आणि कार्यानुभव आला. पाचवीचा वर्ग आठवीला लागून होता, मध्ये पत्र्याची भिंत. नववीच्या सरांनी ग्रहणाचा पाठ घेतला तेव्हा तिला शब्दन् शब्द ऐकू आला. सूर्य, चंद्र, सावली, सगळं बरोबर सांगितलं त्यांनी. शेवटी म्हणाले, "हे झालं परीक्षेपुरतं. पण आपल्या वाडवडलांनीही काही उगाच सांगून ठेवलेलं नाही." पलीकडे बाकं करकरली. सगळी मुलं पत्र्याकडे वळून बघत असणार. सरांनी कोणाचं नाव घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती. प्रतिभा पाचवीच्या मुलांना समानार्थी शब्द सांगत राहिली.

विज्ञान तिच्याकडे परत आलं नाही. दोनदा अर्ज करून तिने नाद सोडला.

मुक्ताला तिने मुद्दाम लांबच्या, शहरातल्या शाळेत घातलं. मुलगी हुशार निघाली, पाढे खडाखडा म्हणायची. फक्त बोलताना ओठांवर हात ठेवायची. चौथीत असताना एका सकाळी वेणी घालून घेता घेता तिने विचारलं,

"आई, तू तेव्हा घरात का नाही बसलीस?"

"कोणी सांगितलं तुला?"

"सगळ्यांना माहितीये."

प्रतिभाने फणी खाली ठेवली. तिला समोर वळवून बसवलं आणि पहिल्यापासून सांगितलं. दुसरा महिना, पाचवा महिना, सावली म्हणजे काय. इतकं सोपं करून तिने कुठल्या वर्गात कधी शिकवलं नव्हतं. मुक्ता लक्ष देऊन ऐकत होती. तिला कळत होतं.

"म्हणजे ग्रहणामुळे नाही झालं."

"नाही."

"तुला तेव्हा माहीत होतं का, माझा ओठ आधीच तसा आहे म्हणून?"

"नाही."

मुक्ताने थोडा विचार केला. "मग एक दिवस घरात बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न दिला. प्रतिभाने तिला पुन्हा पाठमोरी बसवलं, राहिलेल्या केसांचे तीन पेड केले.

"घट्ट होतेय का?"

मुक्ताने मान हलवून नाही म्हटलं. हात तिने ओठांवरून काढला नव्हता.